संकेतस्थळावर चढविलेली छायाचित्रे : त्यांची साठवण व वितरण

शाळेच्या पटांगणात वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो. मुले रोपाभोवती उभी राहतात, गुरुजी खिशातील मोबाईल काढून छायाचित्र घेतात आणि त्याच सायंकाळी ते एखाद्या संकेतस्थळावर चढवितात. पडद्यावर ‘छायाचित्र जतन झाले’ अशी अक्षरे उमटतात व काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः छायाचित्राचा प्रवास तेथूनच सुरू होतो. ते कोठे ठेवले गेले, कोणत्या नावाने ठेवले गेले, त्याच्या किती प्रती झाल्या, ते कोणास पाहता येते आणि उद्या काढून टाकावयाचे झाल्यास ते खरोखर निघते किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे चढविणारास बहुधा ठाऊक नसतात. छायाचित्र पिकाचे वा पावसाचे असेल तर या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. परंतु शाळेतून जाणाऱ्या छायाचित्रांत बहुतेक वेळा मुले असतात. म्हणून या व्यवस्थेची निदान ठोकळ माहिती प्राथमिक शिक्षकास असणे अगत्याचे झाले आहे. जे शिक्षक हौसेने शाळेसाठी स्वतःच लहानसे संकेतस्थळ तयार करतात, त्यांस तर ती विशेषच हवी.

छायाचित्र म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अंकांची एक रास होय. साध्या मोबाईलवरही आज ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असे छायाचित्र निघते. गुणाकार केला असता १ कोटी २० लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यातील तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशासाठी एकेक बाइट धरला तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी एवढी जागा लागेल. १९९२ साली मान्य झालेल्या जेपेग पद्धतीत डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळून ही रास आवळली जाते आणि फाईल सुमारे तीन ते पाच एमबींवर येते. ही बेरीज-गुणाकाराची गोष्ट सातवीच्या मुलांकडूनही करवून घेता येईल. पुढील सर्व विवेचन या आकड्यांवर उभे आहे.

संकेतस्थळाच्या दाराशी आलेली फाईल छायाचित्रच आहे, असे गृहीत धरून चालत नाही. नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ ही अक्षरे आहेत एवढ्यावरून ती स्वीकारणे म्हणजे पाकिटावरील पत्ता वाचून आतील मजकूर ओळखण्यासारखे होय. जेपेग फाईलचे पहिले दोन बाइट २५५ व २१६ असतात. पीएनजी फाईलचा पहिला बाइट १३७ असून त्यापुढे पी, एन, जी ही तीन अक्षरे येतात. दक्ष संकेतस्थळ नावाकडे न पाहता या खुणा तपासते. पण खुणा खऱ्या असूनही आतील माल खोटा असू शकतो. यास्तव चित्र एकदा पूर्ण उलगडून त्याची नवी फाईल स्वतःच लिहून काढणे ही अधिक खात्रीची रीत आहे. कोणी आणलेला कागद जसाच्या तसा दप्तरी न लावता आपल्या हाताने त्याची नक्कल करून ती ठेवावी, तसे हे आहे. समासात कोणी काही लपवून लिहिले असेल तर ते नकलेत येत नाही.

उलगडण्यापूर्वी मात्र चित्राची लांबी-रुंदी पाहिली पाहिजे. एकाच रंगाचे ५०,००० ठिपके रुंद व तितकेच उंच असे चित्र आवळलेल्या स्थितीत अगदी लहान दिसते; ते उलगडू लागताच २५० कोटी ठिपके पसरतात, त्यांस ७५० कोटी बाइटांची जागा लागते आणि बिचारा सर्व्हर तेथेच बसतो. उलगडणारे साधनही निर्दोष असेलच असे नाही. २०१६ च्या मे महिन्यात ‘इमेजमॅजिक’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात एक दोष उघडकीस आला होता. मुद्दाम रचलेली चित्राची फाईल त्याच्या हाती दिली की तीत दडविलेली आज्ञा सर्व्हरवर चालविली जाई. तेव्हापासून हे काम मुख्य यंत्रापासून अलग, कोंडलेल्या जागी करण्याकडे जाणत्यांचा कल अधिकच वाढला.

आता साठवणीकडे वळावे. शाळेत डेडस्टॉक नोंदवही असते आणि कपाट असते. नोंदवहीत वस्तूचे नाव, संख्या, आल्याची तारीख व ठेवल्याची जागा लिहितात. वस्तू कपाटात ठेवतात. नकाशा घडी करून कोणी नोंदवहीच्या पानांत घालीत नाही. संकेतस्थळावरही नोंदींची जागा, म्हणजे डेटाबेस, आणि चित्रांची जागा, म्हणजे फाईलींचे कोठार, या दोन गोष्टी सामान्यतः निराळ्या ठेवतात. डेटाबेसात चित्र घालताच येत नाही असे नव्हे. परंतु तसे केल्यास नोंदवही फुगते, तिची रोजची नक्कल घेणे जड होते आणि एक ओळ शोधण्यासाठी लाखो बाइट हलवावे लागतात. अगदी लहान संकेतस्थळावर हा त्रास जाणवत नाही. वाढत्या संकेतस्थळावर जाणवतो, आणि तोपर्यंत बदल करणे महाग झालेले असते.

येथे क्रमाचाही प्रश्न आहे. आधी नोंद केली आणि चित्र ठेवतेवेळी वीज गेली, तर नोंदवहीत वस्तू आहे व कपाटात नाही अशी स्थिती होते. पाहणाऱ्यास पानावर तुटलेल्या चित्राची चौकट दिसते. आधी चित्र ठेवले व नोंद राहिली, तर कपाटात एक बेवारशी वस्तू पडून राहते. दुसरी चूक पहिलीपेक्षा सौम्य आहे, कारण ती पाहणाऱ्यास दिसत नाही आणि वेळोवेळी पडताळणी करून निस्तरता येते. म्हणून ‘आधी चित्र, मग नोंद’ हा क्रम पाळतात. वर्षअखेरीची साठा पडताळणी ज्या मुख्याध्यापकांनी केली आहे, त्यांस यातील मर्म अधिक सांगावयास नको.

चित्रास नाव कोणते द्यावे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. चढविणाराने दिलेले नाव तसेच ठेवले तर दोन शाळांतील ‘वृक्षारोपण’ नावाच्या फाईलींपैकी नंतरची पहिलीवर बसते व पहिली नाहीशी होते. शिवाय नावातच काही खोडसाळ अक्षरे घालून फाईल भलत्या जागी लिहविण्याचे प्रकार घडतात. याकरिता संकेतस्थळ स्वतःचे नाव देते व मूळ नाव हवे तर नोंदवहीत लिहून ठेवते.

नावानंतर खणांचा विचार करावा लागतो. सर्व फाईली एकाच खणात टाकल्या तर काही हजारांनंतर शोधणे मंदावते. खण पाडावयाचे तर कोणत्या नियमाने? पहिल्या अक्षरावरून पाडावेत असे प्रथम सुचते. वर्गात आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून मुलांच्या वह्या चार-सहा खोक्यांत लावून पाहाव्यात, म्हणजे अडचण ध्यानी येईल. पाटील, पवार, पाटोळे, पानसरे यांनी एक खोके भरून वाहू लागते आणि ‘ठ’च्या खोक्यात एकट्या ठोंबरेची वही पडून असते. याउलट हजेरी क्रमांकास चाराने भागून बाकीप्रमाणे खोके ठरविले, तर ३७ मुलांच्या वर्गात एका खोक्यात १० व उरलेल्या तिहींत प्रत्येकी ९ वह्या येतात. मोबाईलमधून येणाऱ्या फाईलींची नावे तर पाटील-पवारांहूनही एकसारखी असतात. हजारोंचा आरंभ त्याच तीन अक्षरांनी होतो. म्हणून नावातील अक्षरांवर ठरावीक गणित करून एक संख्या काढतात व तिच्यावरून खण ठरवितात. गणित असे असते की नावात एका अक्षराचा फरक पडला तरी संख्या पार बदलते, पण तेच नाव पुन्हा दिल्यास तीच संख्या येते. त्यामुळे खण सारखे भरतात आणि शोधताना यादीही लागत नाही. नावावरून गणित केले की खण कळतो.

या रीतीचे एक प्रसिद्ध उदाहरण कोणासही पडद्यावर पाहता येते. ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात कोणीही स्वतः काढलेले छायाचित्र चढवू शकतो आणि मराठी विकिपीडियातील लेखांतली बहुतांश चित्रे तेथूनच येतात. त्या संग्रहात १० कोटींहून अधिक फाईली आहेत. तेथील एखाद्या किल्ल्याच्या छायाचित्राचा पूर्ण पत्ता वाचला तर मूळ नावाच्या आधी एक एकाक्षरी व एक द्व्यक्षरी असे दोन खण दिसतात. फाईलच्या नावावर ‘एमडी५’ हे गणित करून येणाऱ्या संख्येचे पहिले चिन्ह हा पहिला खण, आणि पहिली दोन चिन्हे मिळून दुसरा. चिन्हे सोळा प्रकारची असल्याने १६ गुणिले १६ असे २५६ खण होतात. शिक्षण परिषदेत पडद्यावर हा पत्ता उघडून दाखविल्यास वरील वह्यांच्या खेळाचा उलगडा पाच मिनिटांत होईल.

फाईलींची संख्या याहूनही पुष्कळ वाढली म्हणजे खण पाडूनही भागत नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या अडचणीचा इतिहास मोकळेपणाने मांडला आहे. त्या वेळी त्यांच्याकडे ६५०० कोटींहून अधिक छायाचित्रे होती. प्रत्येकाच्या चार आकारांच्या प्रती ठेवीत असल्यामुळे प्रतींची संख्या २६,००० कोटींपलीकडे गेली होती, दर आठवड्यास सुमारे १०० कोटी नव्या छायाचित्रांची भर पडे आणि गर्दीच्या वेळी सेकंदास दहा लाखांहून अधिक प्रती पुरवाव्या लागत. आरंभी त्यांनी प्रत्येक प्रत स्वतंत्र फाईल म्हणून ठेवली होती. एका खणात हजारो फाईली असताना एक चित्र वाचण्यासाठी तबकडीकडे दहाहून अधिक खेपा होत. खणातील फाईली शेकड्यांवर आणल्यावर खेपा तीन झाल्या : एक खणाची यादी वाचण्यासाठी, दुसरी फाईलीची जागा कळण्यासाठी आणि तिसरी प्रत्यक्ष चित्रासाठी. म्हणजे दोन खेपा केवळ पत्ता विचारण्यात जात. तबकडीवरील सुई हलण्यास लागणारा वेळ हाच सर्व व्यवहारात मोठा असल्याने या दोन व्यर्थ खेपा फार महागात पडत.

त्यांनी काढलेला उपाय महाराष्ट्रातील जुन्या दप्तरखान्यांस अपरिचित वाटणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद सुटे न ठेवता रुमालांत बांधून ठेवीत आले. त्याचप्रमाणे लक्षावधी छायाचित्रे एकामागून एक लिहून एकच प्रचंड फाईल तयार करावयाची, आणि कोणते चित्र त्या फाईलीत कितव्या बाइटापासून सुरू होते याची यादी सर्व्हरच्या स्मरणातच ठेवावयाची. अशी एकेक फाईल साधारणतः १०० जीबींची असे. एरव्ही एका फाईलीच्या माहितीसाठी ५३६ बाइट स्मरण लागे. या पद्धतीत एका प्रतीमागे सरासरी १० बाइटांत काम भागू लागले. यादी तोंडपाठ असल्यामुळे तबकडीकडे एकच खेप पुरते. या व्यवस्थेस त्यांनी ‘हेस्टॅक’, म्हणजे गवताची गंजी, असे नाव दिले आणि गंजीतील प्रत्येक चित्रास ‘सुई’ म्हटले. शाळेच्या संकेतस्थळास अशा गंजीची गरज नाही, हे उघड आहे. तेथे साधे खण पुष्कळ झाले. अनेक होतकरू मंडळी कोट्यवधींसाठी योजिलेले उपाय दोनशे चित्रांसाठी योजू पाहतात व मूळ काम लांबवितात. परंतु कोणताही पदार्थ शोधताना खर्च पदार्थ उचलण्याचा नसून जागा विचारण्याचा असतो, हे तत्त्व लहानमोठ्या सर्वांस लागू आहे.

साठवलेले चित्र पाहणाऱ्यापर्यंत पोहोचविणे हा दुसरा भाग. एका पानावर वीस चित्रे दाखवावयाची आहेत व प्रत्येकाची मूळ फाईल ४ एमबींची आहे, असे धरावे. मूळ फाईलीच पाठविल्या तर ८० एमबी जातील. खेड्यातील पालक आपल्या मोबाईलवर ते पान उघडील तेव्हा पहिली चार चित्रे येईपर्यंतच त्याचा धीर सुटेल, आणि त्या दिवसाचा डेटाही बराच खर्ची पडेल. पानावरील चौकट जर ३२० गुणिले २४० ठिपक्यांची असेल, तर तेवढ्याच ठिपक्यांची लहान प्रत साधारण ३० केबींत होते. वीसही प्रती मिळून ६०० केबी. म्हणून चित्र चढताच त्याच्या दोन-तीन आकारांच्या लघुप्रती, ज्यांस थंबनेल म्हणतात, करून ठेवाव्यात किंवा प्रथम मागणी येईल तेव्हा कराव्यात. मूळ प्रत मात्र जपून ठेवावी. लहानाचे मोठे करता येत नाही.

एकच चित्र हजार जणांनी मागितले तर हजार वेळा कोठारात जाण्याचे कारण नाही. शाळेच्या ओसरीवर माठ भरून ठेवतात. प्रत्येक तहानलेले मूल विहिरीवर जात नाही. तसे वारंवार मागितल्या जाणाऱ्या चित्रांच्या प्रती पाहणाऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि त्याच्या मुलखाजवळच्या सर्व्हरवर काही काळ ठेवतात. यास कॅश म्हणतात. माठातील पाणी शिळे होते, तशी कॅशमधील प्रतही शिळी होते. यावर सोपी युक्ती अशी की, चित्र बदलले की नावही बदलावे. मग जुन्या नावाची प्रत कितीही दिवस राहो, पान नवे नाव मागणार व नवे चित्र येणार.

दुसऱ्याच्या माठातील पाणी न विचारता वापरल्याने काय होते, याचे एक मजेशीर उदाहरण भारताशी संबंधित आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत विकिमीडियाच्या अभियंत्यांस असे आढळले की, त्यांच्या एका केंद्राकडे येणाऱ्या चित्रांच्या मागण्यांपैकी सुमारे २० टक्के मागण्या एकाच चित्रासाठी आहेत. ते चित्र अॅस्टर जातीच्या एका जांभळ्या फुलाचे होते. दिवसास सुमारे ९ कोटी मागण्या येत, त्या भारतातील निरनिराळ्या इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांकडून येत, आणि हा ओघ २०२० च्या जूनपासून वाढत गेला होता. इतक्या भारतीयांस एकाएकी त्या फुलाचे वेड लागण्याचे कारण दिसेना. शोधाअंती उलगडा झाला की, भारतात लोकप्रिय झालेले एक मोबाईल ॲप उघडताच ते चित्र मागवीत असे. रचनाकाराने बहुधा चाचणीसाठी तो पत्ता लिहिला व काढावयाचा राहिला. वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही नव्हता. भार मात्र देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेवर पडत होता. शाळेच्या संकेतस्थळासाठी चित्र हवे असल्यास परवाना पाहून, श्रेय देऊन, ते आपल्या कोठारात ठेवावे. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून परभारे ओढू नये.

चढविलेली चित्रे मुख्य संकेतस्थळाच्या पत्त्यावरून न देता निराळ्या पत्त्यावरून देण्याची प्रथा आहे. विकिमीडियाच्या फाईली ‘अपलोड’ या उपनावाच्या वेगळ्या पत्त्यावरून येतात, त्या याच कारणाने. अनोळखी पाहुण्याचे गाठोडे ओसरीवर ठेवतात, माजघरात नेत नाहीत. चुकून एखादी घातक फाईल आत आलीच, तर वापरणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या कुकीपर्यंत तिचा हात पोहोचू नये.

येथवर यंत्राची सोय झाली. मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यापुढे आहे.

मोबाईल केवळ चित्र टिपीत नाही. चित्राच्या फाईलीतच तो एक चिठ्ठी लिहून ठेवतो. १९९५ साली जपानात तयार झालेल्या एक्झिफ पद्धतीनुसार या चिठ्ठीत कॅमेऱ्याचे नाव, घेतल्याची तारीख व वेळ, आणि जागेची नोंद चालू असल्यास अक्षांश-रेखांश असतात. ही चिठ्ठी चित्र पाहताना दिसत नाही, पण वाचू इच्छिणारास एका क्षणात वाचता येते. संगणकातील विषाणूंविरुद्धच्या सॉफ्टवेअरमुळे नावारूपास आलेले जॉन मॅकॲफी २०१२ साली बेलीझ देशाच्या पोलिसांना चुकवून लपून राहिले होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका नियतकालिकाने ३ डिसेंबर रोजी त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्यातील चिठ्ठीतून ते ग्वाटेमालात नेमके कोठे आहेत, हे जगास कळले. दोन दिवसांनी तेथे त्यांस ताब्यात घेण्यात आले. संगणकाच्या सुरक्षिततेवर हयात घालविलेल्या गृहस्थाच्या बाबतीत हे घडले, मग शिक्षकाच्या ध्यानात ही चिठ्ठी राहिली नाही तर त्यास दोष कसा द्यावा? म्हणूनच तो भार माणसाच्या स्मरणावर न ठेवता संकेतस्थळाने घ्यावयाचा असतो.

ही चिठ्ठी सर्वत्र वाईटच असे नाही. कॉमन्सवर मूळ फाईलीतील चिठ्ठी तशीच ठेवतात व पानावर दाखवितातही. किल्ल्याचे वा फुलाचे छायाचित्र कोठे व केव्हा घेतले, ही माहिती अभ्यासूस उपयोगी असते. मुलीच्या घराच्या अंगणात घेतलेल्या छायाचित्रात तीच माहिती घराचा रस्ता दाखविते. शाळांच्या संकेतस्थळाने चिठ्ठी काढून टाकणे हेच इष्ट होय. येथे क्रमाचे एक बारकावे सांभाळावे लागते. मोबाईल आडवा की उभा धरला होता, हेही त्याच चिठ्ठीत असते. आधी चित्र सरळ करून घ्यावे व मग चिठ्ठी काढावी; उलट केल्यास सर्व मुले आडवी पडलेली दिसतात.

नावाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. चित्रास १०४१ असा क्रमांक दिला, तर पुढचे १०४२ असणार हे कोणासही कळते. एक चित्र पाहण्याचा अधिकार असलेला मनुष्य अंक बदलीत जाऊन सर्व शाळांची चित्रे पाहू शकेल. हेस्टॅकच्या रचनाकारांनी प्रत्येक चित्राच्या पत्त्यात एक यदृच्छेने निवडलेली संख्या घातली होती, ती असा अंदाज बांधता येऊ नये म्हणूनच. परंतु न ओळखता येणारा पत्ता म्हणजे कुलूप नव्हे. तो एकाने दुसऱ्यास पाठविला की गुप्तता संपली. जी चित्रे पालकांपुरतीच आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक मागणीच्या वेळी अधिकार तपासावा किंवा थोड्या मिनिटांत बाद होणारा सही केलेला पत्ता द्यावा.

आता वृक्षारोपणाच्या छायाचित्राकडे पुन्हा यावे. त्यात पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीची आई काही महिन्यांनी शाळेत येते, असे समजावे. घरातील त्रासामुळे ती मुलीस घेऊन माहेरी आली आहे. आपण कोठे आहोत हे सासरी कळू नये, म्हणून ते छायाचित्र काढावे, अशी तिची विनंती आहे. गुरुजी तत्काळ ‘पुसा’ असे बटण दाबतात. छायाचित्र पानावरून जाते. पण मूळ फाईल, तिच्या तीन लघुप्रती, दूरच्या सर्व्हरांवरील कॅशच्या प्रती आणि रोज रात्री घेतली जाणारी राखीव नक्कल, एवढी ठिकाणे मागे उरतात. पुष्कळ ठिकाणी ‘पुसा’ म्हणजे नोंदवहीतील ओळीवर काट मारणे एवढेच असते. हेस्टॅकमध्येही पुसलेल्या चित्रावर प्रथम खूण करीत व त्याची जागा पुढे फाईल नव्याने लिहिली जाई तेव्हा मोकळी होई. वर्षभरात सुमारे चौथा हिस्सा छायाचित्रे पुसली जात, त्यामुळे हे काम लहान नव्हते. फेसबुकच्या जुन्या व्यवस्थेत पुसलेली काही छायाचित्रे थेट पत्त्यावर वर्षानुवर्षे दिसत राहिली होती, हे २०१२ पर्यंत पत्रकार दाखवून देत होते. त्या वर्षी कंपनीने आपली पद्धत सुधारली.

ज्या संकेतस्थळाने चित्र घेतानाच त्याच्या सर्व प्रतींची नोंद एका ठिकाणी ठेवली असेल, त्यालाच त्या आईस खरे उत्तर देता येते. त्याने मूळ व लघुप्रती काढाव्यात, कॅशला तो पत्ता रिकामा करण्याची आज्ञा द्यावी आणि राखीव नक्कल किती दिवसांनी जुनी होऊन आपोआप नष्ट होते, हे सांगावे. ज्याने तशी नोंद ठेवली नाही, त्याने ‘काढले’ असे म्हणणे ही फसवणूक होय, मग ती अजाणता का असेना. आणि कोणी ते छायाचित्र आपल्या मोबाईलवर उतरवून घेतले असेल, तर त्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. हेही त्या आईस स्पष्ट सांगावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हे तत्त्व घातले आहे, ते याच विवंचनेतून.

शिक्षकाच्या हाती जे आहे, ते चढविण्यापूर्वीचे आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यातील जागेची नोंद बंद करावी. शाळेच्या फलकासह मुलांचे चेहरे व खाली त्यांची नावे, असे तिन्ही एका छायाचित्रात आणू नयेत. पालकांची संमती घेताना छायाचित्र कोठे जाणार व कोणास दिसणार, हे त्यांस त्यांच्या बोलीत सांगावे. नुसत्या सहीचा कागद पुरेसा नाही. कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणूनच छायाचित्र मागितले असेल, तर मुलांच्या पाठीमागून घेतलेले, रोप व मातीने भरलेले हात दाखविणारे छायाचित्र पुराव्यास पुरते. कार्यालयांनीही चेहऱ्यांचा आग्रह धरू नये. आणि नवे संकेतस्थळ वा ॲप वापरण्यास सांगितले गेल्यास एक निरुपद्रवी चित्र, उदाहरणार्थ फळ्याचे, चढवून त्याचा थेट पत्ता टिपून ठेवावा, मग ते पुसावे आणि आठवड्याने तो पत्ता दुसऱ्याच मोबाईलवर उघडून पाहावा. फळा अजून दिसत असेल, तर तसे लेखी कळवावे व मुलांची छायाचित्रे तोपर्यंत थांबवावीत.